एकतीस नंबरची बारावी पिशवी

चौसाळ्याहून आत वळलं की चार कोसांवर उंबरदरा लागतो. तिथल्या महिला दूध संस्थेत चतुराबाई ओव्हाळ वीस वर्षं दुधाचा वास घेत आली. काम ऐकायला फुकटाचं वाटतं, पण करून बघा. सकाळी सहाला किटल्यांची रांग लागते, बायकांना घाई असते, दूधगाडी भोंगा वाजवत उभी असते, आणि त्या गडबडीत झाकण उघडून एका दमात सांगायचं असतं, की हे दूध गाडीत जाईल का घरी. चतुराबाई झाकण काढायची, ते उलटं करून नाकाशी न्यायची आणि एकदाच हुंगायची. दुसऱ्यांदा कधी नाही. पहिला वास दुधाचा असतो, दुसरा आपल्या मनाचा, असं तिचं म्हणणं.

दूध अजून चवीला गोड असलं तरी तीन तासांनी ते फाटणार, हे तिला त्या झाकणातून कळायचं. मग ती किटली बाजूला सारायची आणि तोंडावर सांगायची, "हे घरी न्या. खवा करा, न्हाईतर दही लावा." त्या बाबतीत तिने कधी कुणाची भीड धरली नाही. पुढे स्निग्धांश मोजायचं यंत्र आलं, पण सचिव सुंदरराव झाकणं तिच्याकडेच ठेवून होते. यंत्र दुधाची आत्ताची गोष्ट सांगायचं, चतुराबाई दुपारची सांगायची.

हे झाकण हातात यायला मात्र तिला घाम गाळावा लागला होता. बौद्ध वस्तीतली बाई आमच्या किटलीत तोंड घालणार, या कल्पनेनेच पहिल्या वर्षी निम्म्या बायका फिरून गेल्या. पुढारी होती पारूबाई, आबासाहेब पाटलांची बायको. तिने भर रांगेत झाकण हाताने दाबून धरलं होतं. चतुराबाई भांडली नाही. म्हणाली, "नका उगडू. पर तुमच्या काळ्या म्हशीच्या सडाला सूज हाय, दुधात येतीया. जनावराच्या डाक्टरला दावा." वास झाकणाच्या फटीतूनच आला होता. दोन दिवसांनी म्हशीच्या सडातून पू निघाला आणि तिसऱ्या दिवशी पारूबाईने झाकण स्वतः उघडून दिलं. गावाची अक्कल कधीकधी म्हशीच्या सडातून येते, त्याला इलाज नाही.

पण माणसांच्या बाबतीत चतुराबाई तोंड शिवून असायची. त्याला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना थोरली बहीण खोकून खोकून वाळत चालली होती, आणि एका सकाळी चतुरा म्हणाली, "आक्काच्या तोंडाला वास येतोय, शेंगा पोत्यात ओल्याच भरल्यावानी." आईने तिच्या थोबाडीत दिली. पोरगी उजवायची होती, असलं काही बाहेर गेलं असतं तर सोयरीक मोडली असती. सोयरीक झालीच नाही. चार महिन्यांत बहीण गेली. तेव्हापासून चतुराबाईने दुधाला नावं ठेवली, माणसाला नाही. त्यात भर म्हणजे तिच्या समाजाला वासाचा शब्द किती पिढ्या ऐकावा लागला होता. तो शब्द दुसऱ्या माणसावर टाकताना तिची जीभ जड व्हायची.

दोन हजार पंधरा साली पावसाने पाठ फिरवली ती दुसऱ्यांदा. विहिरी खरवडून झाल्या, जनावरं चारा छावणीत गेली. ज्या घरातून आठ लिटर दूध यायचं, तिथून तांब्याभर येऊ लागलं. संस्थेचा नियम असा, की एका सभासद-नंबरवर एका वेळेला लिटरभराच्या खाली दूध घ्यायचं नाही. मग बायकांनी आपली वाट काढली. दोन-तीन घरांनी एका नंबरवर दूध घालायचं आणि हिशेब आपसात करायचा. पारूबाईच्या एकतीस नंबरवर तर पाच घरांचं दूध यायचं. चतुराबाईच्या एकुलत्या गाईचंही त्यातच. संस्थेच्या नोकराने आपल्या नावावर दूध घालायचं नाही, असाही एक नियम होता. आपलं दूध आपणच कसं तपासणार?

दसऱ्याच्या आधी शहरातल्या मेडिकल कॉलेजातून एक डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, केसाला तेल नाही, पायात बूट. त्यांच्यासोबत खोकाभर चकचकीत पिशव्या होत्या, तोंडाला नळी असलेल्या. त्यांना सकाळी सगळ्या बायका एका जागी सापडतील अशी जागा हवी होती आणि ती दूध संस्थाच होती.

"फुप्फुसात जंतू बसला की तो खातो, वाढतो आणि वायू सोडतो," त्या सांगत होत्या. "तो वायू श्वासातून बाहेर येतो. आमचं यंत्र तो ओळखायला शिकतंय. अजून प्रयोगच आहे. पिशवीत काही सापडलं म्हणजे आजार आहेच असं नाही, मग थुंकी तपासायची. पण खोकला सुरू व्हायच्या आधी कळलं तर किती बरं."

चतुराबाई पुढे सरकली. "म्हंजे दूध नासायच्या आधी वास येतो तसंच की."

"अगदी तसंच," डॉक्टरबाई हसल्या. "तुमचंच काम."

त्या एका वाक्याने बाई चार बोटं उंच झाली. सगळा कारभार तिने अंगावर घेतला. अनशापोटी यायचं हे सांगितलं. आणि मशेरीही लावायची नाही, हे डॉक्टरबाईंना सुचलं नव्हतं, ते तिने सांगितलं, कारण मशेरी ही खायची वस्तू आहे असं उंबरदऱ्यात कुणी मानत नाही. पिशवी कशी फुगवायची हे दाखवायला पहिली पिशवी तिने स्वतः फुगवली. आधी थोडा श्वास बाहेर सोडायचा आणि छातीच्या तळातला शेवटचा पिशवीत. बायका फुगे फुगवावेत तशा फिदीफिदी हसत होत्या.

नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. इथेच घोटाळा झाला. संस्थेत नाव कोण घेतं? तीन पारूबाया, चार चंद्रभागा, सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणणाऱ्या सुना वेगळ्याच. वीस वर्षं चतुराबाईच्या हाताला नंबर लिहायची सवय. जिचं दूध ज्या नंबरवर, तिची पिशवी त्या नंबरवर. नुसते आकडे बघून डॉक्टरबाईंना वाटलं, काय व्यवस्थित बाई आहे, प्रत्येकीला एक नंबर दिला. पिशव्या गाडीत गेल्या. चतुराबाईने फुगवलेलीही गेली, एकतीस आकडा घालून, कारण रिकामी करून ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळी झाली आणि फोन आला.

"चतुराबाई, एकतीस नंबरच्या बारा पिशव्या आल्यात. असं कसं?"

चतुराबाईने नियम सांगितला.

"त्यातल्या एकीत वायू सापडलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चांगला ठळक. कुणाची ते आता पिशवीवरून कळणार नाही. बाराही जणींची थुंकी तपासावी लागेल. कोण कोण होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. पाच घरं, अकरा बायका. आणि बारावी ती स्वतः. गेला महिनाभर तिन्हीसांजेला अंग कढत व्हायचं, ते तिने छावणीतल्या धुळीवर ढकललं होतं. चोळ्या सैल झाल्या होत्या, पण दुष्काळात कुणाच्या झाल्या नव्हत्या?

"अकरा जणी व्हत्या म्याडम," ती म्हणाली. "एक पिशवी उगं चुकून फुगिवली असंल."

फोन ठेवून तिने पदराने कपाळ पुसलं. खोटं बोलायची सवय नसली की असंच होतं, सराईताला घाम येत नाही. नवरा धर्मराज दारात दोरखंड वळत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ती बारावी पिशवी तुजी न्हाई का?" त्याने विचारलं.

"माजी नसंल. अकरा जणीत कुनाची तरी असंल."

"मंग तुजीबी तपासून घे की. काय जातंय?"

काय जातंय? तिला ओरडावंसं वाटलं. जिच्या श्वासाला रोग आहे तिने किटलीत नाक घालावं, हे कोण खपवून घेईल? वीस वर्षांपूर्वी दाबून धरलेली झाकणं पुन्हा दाबली जातील आणि या वेळी कारण खरं असेल. "आदी त्यांचं होऊ दे," एवढंच ती म्हणाली.

तिथून तिच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी झाकणं, दुपारी घरोघर, आणि मग एकेकीला जीपमध्ये कोंबून ग्रामीण रुग्णालयात. पारूबाई आधी अंगावर आली, "आमच्या घरात असला रोग न्हाई." पण तीही आली. दर दुसऱ्या दिवशी निकाल यायचे. काही नाही. हिलाही काही नाही. तिलाही नाही. बाया हुश्श करायच्या, चहा पाजायच्या. चतुराबाई कपाला तोंड लावून मनात म्हणायची, हिला असतं तर बरं झालं असतं. मग स्वतःचीच लाज वाटून तो चहा तिला कडू लागायचा.

रुग्णालयातल्या बाईने तिला एकदा विचारलंही, "मावशी, तुमची थुंकी नाही द्यायची?" चतुराबाईने डबी घेतली, पिशवीत टाकली आणि घरी आणून फळीवर ठेवली. तिथे ती तशीच पडून राहिली. तिच्याकडे नजर जाऊ नये म्हणून चतुराबाईने पुढे पिठाचा डबा सरकवला.

वास घेऊन बघायची खटपटही तिने केली. ओंजळीत फुंकलं, पदरात फुंकलं, झाकणात फुंकलं. काहीच कळलं नाही. उभ्या गावाचं दूध हुंगणाऱ्या बाईला आपल्या तोंडाचा वास येईना.

दहा जणी झाल्या. दहाही चांगल्या. उरली मुक्ता, पारूबाईच्या पुतण्याची, गहिनीनाथची बायको. ती दिवाळी सरताच नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला गेली होती, आठ महिन्यांचं लेकरू घेऊन. चतुराबाईने फोन लावला.

"मुक्ता, खोकला हाय का गं तुला?"

"हाय की. आठ दिस झाले. फडातली धूळ लई हाय इथं."

खरं सांगायचं तर चतुराबाईला हायसं वाटलं. वाटू नये ते वाटलं. तिने डॉक्टरबाईंना कळवलं, की अकरावीला खोकला आहे, मी स्वतः जाऊन तिची थुंकी घेऊन येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिथल्याच दवाखान्यात करून घेऊ, तुम्ही कशाला एवढ्या लांब जाता? पण चतुराबाईला दम कुठला निघायला. तिला मुक्ताच्या तोंडाशी नाक न्यायचं होतं. सुंदररावांना दोन दिवसांची रजा सांगून ती एसटीत बसली. दोन गाड्या बदलल्या, वाटेत एक घास पोटात गेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती फडावर पोचली.

पाचटाच्या कोप्या ओळीने उभ्या होत्या. मुक्ता मोळ्या बांधून नुकतीच आली होती. गावाकडचं माणूस बघून तिचा चेहरा असा उजळला, की चतुराबाईला मान खाली घालावी लागली.

"मावशी, तुमी माज्यासाठी एवढ्या लांब आलात?" असं म्हणत तिने झोळीतलं लेकरू उचललं आणि चतुराबाईच्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा, च्या टाकते."

लेकरू गुटगुटीत होतं. वाऱ्याने पाचटाचा भुसा उडाला, त्याच्या डोळ्यात गेला आणि त्याने भोकाड पसरलं. चतुराबाईने जे कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. दोन बोटांनी पापणी उघडली, तोंड जवळ नेलं आणि फुंकर घातली. कुसळ निघेना. पुन्हा घातली. चार-पाच फुंकरांनी ते कोपऱ्यात आलं, तिने पदराच्या टोकाने टिपून घेतलं आणि लेकराचा मुका घेतला. लेकरू हुंदके देत तिच्या मानेला बिलगलं.

मुक्ता चहा घेऊन समोर बसली. बसता बसता खोकली, आणि खोकता खोकता हसली. चतुराबाईने पुढे वाकून एकदाच श्वास ओढला.

उसाचा रस, धूर, घाम, सकाळची भाकर. बाकी काही नाही. ताज्या धारेसारखा स्वच्छ श्वास.

आणि मग मांडीवरचं लेकरू तिला निखाऱ्यासारखं लागलं. तिने ते इतक्या झटकन खाली ठेवलं, की मुक्ता दचकली.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई. पायाला मुंग्या आल्या," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून कोपीच्या बाहेर जाऊन उभी राहिली. मुक्ताची थुंकी डबीत घेतली, चहा तसाच सोडला. मुक्ता वाटेला लावायला आली तेव्हा चतुराबाई चार हात लांब चालत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली होती, असं ती पुढे सांगायची, पण ते काही कारण नव्हे आणि तिलाही ते माहीत होतं.

परतीच्या वाटेत एसटीच्या खिडकीला तोंड लावून ती बसून राहिली. घरी आल्यावर पिठाचा डबा बाजूला केला. दुसऱ्या सकाळी रुग्णालयात तिने दोन डब्या दिल्या, एकीवर मुक्ताचं नाव लिहिलं आणि दुसरीवर आपलं. नंबर नाही, पुरतं नाव.

मुक्ताची डबी चांगली निघाली. चतुराबाईच्या डबीत जंतू सापडले.

डॉक्टरबाई स्वतः आल्या. रागावल्या नाहीत, तेच तिला जड गेलं. सहा महिने गोळ्या, रोज, एकही चुकवायची नाही. पहिले काही आठवडे तोंडाला कापड, बंद खोलीत कुणाजवळ बसायचं नाही. बरं होणारा आजार आहे. "दुधाची भीती नाही," त्यांनी सुंदररावांनाही सांगितलं, "ते पुढे डेअरीत तापवलं जातं. भीती जवळच्या माणसांना आहे."

दुसऱ्या सकाळी चतुराबाई संस्थेच्या पायरीखाली उघड्यावर उभी राहिली, तोंडाला पदर बांधून. रांग थांबली. तिने सगळं सांगितलं, बारावी पिशवी, फोनवरचं खोटं, लपवलेले बावीस दिवस. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक किटली उचलून निघून गेली. कुणीतरी कुजबुजलं. शेवटी पारूबाई बोलली.

"रोग कुनालाबी होतो, त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "पर आमचं दूध नासलं तर भर रांगेत तोंडावर सांगायचीस. आन् सोताचं झाकून ठिवलंस. आमाला मातर डब्या घिऊन पळवलंस."

पारूबाईने पुढे होऊन पहिल्या किटलीचं झाकण स्वतः उघडलं, हुंगलं आणि सुंदररावांकडे बघून खांदे उडवले. तिला काही कळलं नव्हतं. तरी तिने दुसरं उघडलं.

दुपारी डॉक्टरबाईंनी अंगणात, लांब खुर्ची टाकून वही काढली. "गेल्या दोन महिन्यांत तुमच्या अगदी जवळ कोण कोण आलं? सगळी नावं सांगा. कुणी सुटायला नको. लहान मुलं असतील तर ती आधी. त्यांना हा आजार लवकर धरतो. पण वेळेत तपासलं, औषध सुरू केलं, तर वाचवता येतं."

चतुराबाईने धर्मराजचं नाव सांगितलं. सुंदररावांचं सांगितलं. जीपमधल्या दहा जणींची सांगितली, एक एक, आकडा न सांगता. मग थांबली. डॉक्टरबाईंचं पेन तसंच थांबलं.

"मुक्ताचं लेकरू," ती म्हणाली. "आठ महिन्यांचं हाय. मी त्याच्या डोळ्यात फुंकर घातली."

डॉक्टरबाईंनी लिहिलं आणि वही मिटली. "मी लावू का फोन?" त्यांनी विचारलं.

"नको. मीच सांगते."

फोन बराच वेळ वाजत राहिला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मुक्ता धापा टाकत बोलली, "मावशी, माजा निकाल आला का?"

"तुजा चांगला हाय. तुला काय न्हाई झालं." चतुराबाईने पदर तोंडावरून काढला, कारण शब्द नीट पोचायला हवे होते. "रोग मला हाय. लेकराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. म्याडम तिथल्या डाक्टरला फोन करतेत. ते औषध देतील ते चुकवू नको."

पलीकडे कोयत्यांचा आवाज लांब होत गेला.

"तुमी आलात तवा तुमाला ठावं व्हतं?" मुक्ताने विचारलं.

नव्हतं, असं म्हणता आलं असतं. निकाल तर नंतरच आला होता आणि कुणी खोटं ठरवायला येणार नव्हतं.

"शंका व्हती," चतुराबाई म्हणाली. "ती तुज्या अंगावर जावी म्हनून मी आलते."

लेकराचा आवाज आला, काहीतरी मागतानाचा. मग मुक्ता कुणाला तरी हाक मारून म्हणाली, आज मी फडावर थांबत नाही. आणि फोन बंद झाला.